ओवीचा पत्ता

गेल्या वर्षी मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने आमच्या धर्मग्रामात शाळकरी मुलांची वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता ‘फादर स्टीफन्स आणि मराठी’. परीक्षकांच्या तीन खुर्च्यांपैकी एक प्रस्तुत लेखकाच्या वाट्याला आली होती. दहावीतील एका मुलीने फार चांगले भाषण केले आणि शेवटी फादर स्टीफन्सची म्हणून एक ओवी म्हटली. मराठी ही पवित्र मातेचा पदर आहे आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याने तो भिजला आहे, अशी काहीशी कल्पना त्या ओवीत होती. सभागृहात टाळ्या पडल्या. धर्मगुरूंनी मान डोलावली. मी गुणपत्रिकेवर पूर्ण गुण देऊन शेऱ्याच्या रकान्यात ‘मूळ ग्रंथाचा अभ्यास दिसतो’ असे लिहिले आणि पहिले पारितोषिक तिला मिळाले.

त्या रात्री ती ओवी उतरवून घ्यावी म्हणून मी ‘क्रिस्तपुराण’ काढले. मराठीच्या प्रशस्तीच्या ओव्या पहिल्या पुराणाच्या पहिल्याच अवस्वरूत आहेत, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. तिथे ती ओवी नव्हती. मग मारियामातेच्या वर्णनाचे भाग पाहिले, योहानाच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग पाहिला. पहिल्या पुराणाचे छत्तीस अवस्वरू आणि दुसऱ्याचे एकोणसाठ, मिळून सुमारे अकरा हजार ओव्या. चार संध्याकाळी गेल्या. ओवी काही सापडली नाही.

मुलीला विचारले तेव्हा तिने काही लपवले नाही. प्रश्नांना उत्तरे देणारा जो संगणकीय कार्यक्रम आता प्रत्येकाच्या फोनवर असतो, त्याला तिने ‘फादर स्टीफन्सची मराठीवरची एखादी कमी परिचित ओवी सांग’ असे म्हटले होते आणि त्याने क्षणार्धात ती सांगितली होती. “पण सर, ती खोटी कशी असेल? किती सुंदर आहे!” असे ती म्हणाली. थोडे थांबून तिने दुसरा प्रश्न विचारला: “आणि तुम्हाला तरी ती त्या दिवशी खोटी वाटली नाही, मग आम्हाला कसे कळणार?”

त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

आधी त्या ओवीविषयी. ती काळजीपूर्वक वाचली असती तर संशय यायला हवा होता. एक तर तिच्या चारही चरणांना यमक होते. ग्रंथगत ओवीची, म्हणजे ज्ञानेश्वर-एकनाथांपासून चालत आलेल्या ओवीची, रीत अशी की पहिले तीन चरण यमकाने बांधायचे आणि चौथा, आखूड चरण मोकळा सोडायचा. स्टीफन्सनी हीच रीत उचलली. चारी चरण जुळले की ओवीची चाल जाऊन शुभेच्छापत्रावरील चारोळीची चाल येते. तेवढ्यावरून निकाल देता येत नाही हे खरे, कारण नियम कोणत्याही कवीच्या हातून क्वचित सुटतो. परंतु दुसरा पुरावा अधिक बळकट होता. ‘बाप्तिस्मा’ हा शब्द आपल्या तोंडी रुळला तो एकोणिसाव्या शतकातील मराठी बायबल-भाषांतरांमुळे. सतराव्या शतकाच्या आरंभी साष्टीत बसून लिहिणाऱ्या येशूसंघीय धर्मगुरूच्या लेखणीतून अशा ठिकाणी पोर्तुगीज वळणाचा शब्द उतरतो. म्हणजे ती ओवी स्वतःच आपले वय सांगत होती. मी ऐकले नाही, कारण मला ती आवडली होती. ज्या वचनाने डोळे पाणावतात त्याची झडती घेणे आपल्याला अशिष्टपणाचे वाटते, आणि भक्तिपर वचनाच्या बाबतीत तर तो जवळजवळ अधर्म वाटतो.

असा कार्यक्रम आपणहून ग्रंथ उघडून त्यातून उतारा काढत नाही, ही गोष्ट आपल्या घरांतून अजून नीट समजलेली नाही. त्याने पुष्कळ मजकूर पचवलेला असतो आणि एका शब्दामागून बहुधा कोणता शब्द येईल याच्या अंदाजाने तो वाक्ये रचीत जातो. काही कार्यक्रम आता आंतरजालावर शोध घेऊन उत्तर देतात, परंतु त्यातही उतारा आणि रचना यांची सरमिसळ होऊ शकते. स्टीफन्ससारखी ओवी मागितली तर स्टीफन्ससारखी ओवी मिळते, आणि ‘सारखी’ हा शब्द मात्र गळून पडतो. याला लबाडी म्हणता येणार नाही, कारण लबाडीला हेतू लागतो. पण ऐकणाऱ्याच्या दृष्टीने परिणाम तोच.

मग विश्वास कशावर ठेवायचा? माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की वचनाला पत्ता हवा. ‘फादर स्टीफन्स म्हणतात’ हा पत्ता नव्हे. गावाचे नाव सांगून घर न दाखवण्यासारखे ते आहे. कोणते पुराण, कितवा अवस्वरू, कितवी ओवी आणि कोणाची आवृत्ती, एवढे सांगितले म्हणजे पत्ता पुरा झाला. आणि पत्ता मिळाल्यावर निदान एकदा तरी त्या घरापर्यंत चालत जायला हवे, कारण हल्ली खोटे पत्तेही फार ऐटीत दिले जातात. त्या मुलीने नंतर त्याच कार्यक्रमाकडे ओवीचा क्रमांक मागितला, तेव्हा त्याने तोही बेधडक दिला. त्या क्रमांकावर भलतीच ओवी होती.

येथे आंतरजालाची निंदा करण्याचा मोह होतो, पण ती अन्यायाची होईल. ‘क्रिस्तपुराण’ १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा रोमी लिपीत छापले गेले, आणि त्या तीन आवृत्त्यांपैकी एकीचीही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो हस्तलिखितांतून. जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरहून रोमी लिपीतील आवृत्ती काढली. पुढे शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ साली पुण्यात निघाली आणि १९९६ साली कारिदाद द्रागो यांची. माझ्या तरुणपणी साल्ढाणांची आवृत्ती पाहायची म्हणजे मुंबईतील एखाद्या मोठ्या ग्रंथालयात ओळख काढावी लागे. आज तिच्या पानांची छायाचित्रे कोणालाही घरबसल्या पाहता येतात. ज्या जालावरून खोटी ओवी आली त्याच जालावर तिला खोटे ठरवणारा ग्रंथ आहे. तेव्हा ‘नेटवरचे सगळे खोटे’ म्हणणारे आजोबा आणि ‘नेटवर आहे म्हणजे खरे’ म्हणणारा नातू या दोघांची चूक एकच आहे. दोघेही वाहनाकडे पाहतात, आत कोण बसले आहे ते पाहत नाहीत.

(उलट, १६१६च्या पहिल्या आवृत्तीचे मुखपृष्ठ म्हणून कोणी एखादे चित्र दाखवले, तर तिची प्रतच ज्ञात नसताना हे चित्र कोठून आले असे विचारायला हरकत नाही.)

एक अडचण याहून अवघड आहे. ‘क्रिस्तपुराण’ कोकणी भाषेत आहे, असे विधान पुष्कळ ठिकाणी आढळते. हे काही यंत्राचे कल्पित नाही. त्या चुकीला प्रतिष्ठित कारण आहे. स्टीफन्सनी कोकणीतही लिहिले. त्यांची ‘दौत्रीन क्रिस्तां’ १६२२ साली आणि कोकणीचे व्याकरण १६४० साली, दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर, रायतूर येथे छापली गेली. एका लेखकाच्या तीन ग्रंथांपैकी दोन कोकणीशी निगडित असले की तिसराही घाईत त्याच फडताळात ठेवला जातो. परंतु खुद्द कवीने आपल्या प्रस्तावनेत भाषा मराठी असल्याचे आणि लोकांना सुलभ जावे म्हणून तिच्यात इथल्या ब्राह्मणांच्या बोलीचे शब्द मिसळल्याचे सांगून ठेवले आहे. ज्याने प्रस्तावनेचे एक पान उलटले त्याच्या हातून ही चूक होणार नाही. ती होते, कारण एकाने लिहिले ते दुसऱ्याने उचलले आणि दुसऱ्याचे तिसऱ्याने. मग शोध घेणाऱ्याला सात ठिकाणी तीच गोष्ट दिसते आणि सात साक्षीदार मिळाल्याचे समाधान वाटते. साक्षीदार एकच असतो. त्याचे सात प्रतिध्वनी असतात.

या प्रसंगी मला नेहमी सुसान्नेची गोष्ट आठवते. आपल्या कॅथलिक बायबलात दानिएलाच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय म्हणून ती आहे. दोघा वडीलधाऱ्यांनी एका निष्पाप स्त्रीवर व्यभिचाराचा आळ घेतला. दोन साक्षीदार होते, दोघेही न्यायाधीश, दोघांचे म्हणणे शब्दाला शब्द जुळणारे. नियमशास्त्राची अट पुरी झाली होती आणि लोक तिला मृत्युदंडासाठी घेऊन निघाले होते. तरुण दानिएलाने काय केले? त्याने दोघांना एकमेकांपासून दूर नेले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: कोणत्या झाडाखाली? एकाने एका झाडाचे नाव घेतले, दुसऱ्याने वेगळ्याच झाडाचे. साक्षीदार किती आहेत यापेक्षा ते एकमेकांवाचून उभे राहतात की नाही, हे दानिएलाने पाहिले. लोकांनी फसावे याचे कारणही तिथे सांगितले आहे: ते दोघे वडील होते, मानकरी होते. चेहऱ्यावर विश्वास ठेवला गेला.

चेहऱ्याची ही किमया आपल्या एका अत्यंत आवडत्या प्रार्थनेने अनुभवली आहे. आपल्याला शांतीचे साधन करावे, अशी विनवणी करणारी जी प्रार्थना संत फ्रान्सिसची म्हणून आपण मिस्सामध्ये गातो, मृत्युपत्रिकांवर छापतो, ती संत फ्रान्सिसची नाही. डिसेंबर १९१२मध्ये पॅरिसमधील ‘ला क्लोशेत’ नावाच्या छोट्या भक्तिपर नियतकालिकात ती निनावी, फ्रेंच भाषेत छापली गेली. फादर एस्तेर बुकरेल हे ते नियतकालिक चालवीत. त्याआधीचा तिचा मागमूस लागलेला नाही, आणि संत फ्रान्सिसच्या ज्या रचना अभ्यासकांनी हस्तलिखितांवरून सिद्ध केल्या आहेत त्यांत ती नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, ती रोमच्या ‘लोस्सेरवातोरे रोमानो’मध्ये आली. पुढे दोनएक वर्षांनी एका फ्रान्सिस्कन धर्मगुरूने ती एका चित्रपत्रिकेच्या मागील बाजूस छापली. पुढील बाजूस संत फ्रान्सिसचे चित्र होते. ही प्रार्थना त्या संताची आहे असे पत्रिकेवर कोठेही म्हटलेले नव्हते. पण लोकांनी पत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि त्यांच्या मनात चित्र व शब्द यांचे लग्न लागून गेले. दहा वर्षांच्या आत प्रार्थना संताच्या नावावर चढली. क्रिस्तिआँ रनू या फ्रेंच इतिहासकाराने हा सारा प्रवास २००१ साली पुस्तकरूपाने मांडला.

टीकाकार म्हणून मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की येथे कोणीही खोटे बोललेले नाही. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला मजकूर, एवढेच झाले. आज आपल्या फोनवर सकाळी जे संतांचे, पोपमहोदयांचे, मदर तेरेसांचे ‘सुविचार’ येतात त्यांची घडण अगदी हीच आहे. फक्त चित्र आणि मजकूर आता एकाच बाजूला आले. मार्च २०२३मध्ये पोप फ्रान्सिस पांढरा फुगीर कोट घालून चालले असल्याचे एक छायाचित्र जगभर फिरले. ते यंत्राने रचलेले होते. तेव्हा तर खोटे साधायला मजकुराचीही गरज उरली नव्हती.

मग ती प्रार्थना गाऊ नये काय? अवश्य गावी. तिचे मोल तिच्या मागणीत आहे, स्वाक्षरीत नाही. किंबहुना पॅरिसमधल्या कोणा अनाम माणसाने ती लिहिली आणि आपले नाव मागे ठेवले नाही, हे तिच्या आशयाशी अधिक सुसंगत आहे, असे मला वाटते. फक्त गाताना ‘संत फ्रान्सिसची’ म्हणू नये.

आता ज्या प्रसंगाने मला हा विषय केवळ वाङ्मयीन राहू दिला नाही, तो सांगतो. २०२१ साली, महामारीच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातील थोरला मुलगा परगावी रुग्णालयात वारला. तिथल्या परिस्थितीत त्याचे दहन झाले. अस्थी घरी आल्या, प्रार्थना झाली, दफनभूमीत त्या ठेवल्या गेल्या. काही दिवसांनी आखातात असलेल्या एका नातेवाइकाने कुटुंबाच्या ग्रूपवर एक इंग्रजी मजकूर पाठवला. कॅथलिक ज्ञानकोशातला तो लेख होता, आणि ख्रिस्तसभेला दहन अमान्य आहे असे त्यात स्पष्ट लिहिले होते. पाठवणाऱ्याचा हेतू काय होता कोणास ठाऊक. मावशींनी, म्हणजे त्या मुलाच्या आईने, तो मजकूर धाकट्याकडून वाचून घेतला आणि त्यानंतर कित्येक दिवस त्यांनी कोणाशी धड बोलणे केले नाही. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी एकच विचारले, “माझ्या मुलाला पुनरुत्थान नाही का हो, सर?”

तो ज्ञानकोश खोटा नव्हे. ‘कॅथलिक एन्सायक्लोपीडिया’ हे १९०७ ते १९१२ या काळात न्यूयॉर्कहून निघालेले मोठ्या विद्वानांचे काम आहे, पंधरा खंडांचे. दहनाविषयीचा लेख १९०८च्या चौथ्या खंडातला आहे. रोमने १८८६ साली दहनाला मनाई करणारा आदेश काढला होता. लेखकाने त्याच्या काळची शिकवण बरोबर नोंदवली. परंतु १९६३ साली ती मनाई सैल करण्यात आली आणि १९८३च्या कायदेसंहितेतील ११७६वे कलम सांगते की ख्रिस्तसभा दफनाची मनापासून शिफारस करते, तथापि ख्रिस्ती शिकवणीच्या विरोधाने स्वीकारलेले नसेल तर दहनाला तिची मनाई नाही. २०१६ साली रोमने पुन्हा सूचना काढून अस्थी उधळू नयेत, पवित्र स्थळी ठेवाव्यात असे सांगितले. या कुटुंबाने नेमके तेच केले होते. तो कोश जुना झाल्याने त्यावरील स्वामित्वहक्क संपला आणि म्हणूनच तो जालावर सर्वांत सहज सापडतो, ही यातली विचित्र गोष्ट. नवे आणि प्रमाण लिखाण शोधावे लागते. जुने आपण होऊन दारात येते. पानाच्या अगदी तळाशी सालही दिलेले होते. पण ज्याने पाठवले त्याने मजकूर तेवढा उचलला, साल मागेच राहिले.

आमचे धर्मगुरू कायदेसंहिता घेऊन त्या घरी गेले आणि मावशींना कलम वाचून दाखवले. मावशींनी त्या पुस्तकाचे साल विचारले. मला तो प्रश्न फार आवडला.

‘आम्ही साधी माणसे, आम्ही कुठे हस्तलिखिते तपासणार?’ असा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. दररोज येणाऱ्या प्रत्येक मजकुरामागे धावायला कोणालाच सवड नाही. पण धावण्याची गरज प्रत्येक वेळी नसते. मजकूर पुढे पाठवायचा असेल, किंवा त्याच्या आधारे कोणाला दोष द्यायचा असेल, औषध बंद करायचे असेल, तर मात्र थांबायला हवे. विकिपीडियाविषयीही हेच. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. त्याला नाके मुरडणारे प्राध्यापक त्याच्या लेखाखालील तळटीपा आणि लेखाचा ‘इतिहास’ कधी उघडतच नाहीत. कोणी, कोणत्या दिवशी, काय बदलले हे तिथे उघड दिसते. किती छापील ग्रंथांविषयी असे म्हणता येईल? तळटीप नसलेले वाक्य तिथेही कच्चेच समजावे, एवढे पथ्य पुरे.

ही चिकित्सा परकी आहे, श्रद्धेला मारक आहे, असे मानणाऱ्यांनी बोलांदिस्त या येशूसंघीय अभ्यासकांकडे पाहावे. संतांच्या चरित्रांतून दंतकथा वेगळ्या काढण्याचे काम त्यांनी सतराव्या शतकातच हाती घेतले. त्यांच्यातील दानिएल पापेब्रोख यांनी १६७५ साली जुन्या सनदांच्या खरेपणावर शंका घेतली आणि त्या तडाख्यात फ्रान्समधील बेनेदिक्तीन मठांच्या सनदाही सापडल्या. त्याला उत्तर म्हणून १६८१ साली बेनेदिक्तीन संन्यासी माबियाँ यांनी दस्तऐवज कसे पारखावेत याचा ग्रंथच लिहिला. पापेब्रोख यांनी तो वाचला आणि आपले चुकल्याचे कबूल करून माबियाँ यांचे अभिनंदन करणारे पत्र त्यांना धाडले.

आमच्या स्पर्धेत आम्ही पारितोषिक परत घेतले नाही. चूक मुलीची होती त्याहून परीक्षकाची अधिक होती. या वर्षी मात्र प्रवेशपत्रिकेवर एक रकाना वाढवला: ‘उद्धृत वचन कोठून घेतले?’ तीच मुलगी, आता अकरावीत गेलेली, पुन्हा आली. साल्ढाणांच्या आवृत्तीची पाने तिने फोनवर उघडून रोमी लिपीतून स्वतः एक ओवी उतरवली होती आणि रकान्यात पुराण, अवस्वरू, क्रमांक आणि साल नीट लिहिले होते. स्पर्धा संपल्यावर ती माझ्यापाशी आली. आमच्या चर्चच्या स्मरणिकेत काही वर्षांपूर्वी मी लिहिलेल्या लेखाची छायाप्रत तिच्या हातात होती. त्यात मीही हीच ओवी दिली होती, क्रमांकासह.

“सर,” ती म्हणाली, “तुम्ही दिलेल्या क्रमांकावर ही ओवी नाही.”

घरी जाऊन पाहिले. नाही. तो क्रमांक मी दुसऱ्या कोणाच्या लेखातून घेतला होता.